टाकीखालचा श्रीखंडाचा डबा

आकाशकंदिलाचं खोकं आमच्या बेसमेंटमध्ये सगळ्यात मागे असतं. पुढच्या वर्षी हाताशी ठेवू असं दर दिवाळीला ठरतं आणि पुढच्या दिवाळीला ते पुन्हा सुटकेसांच्या डोंगरामागे सापडतं. ते ओढायला मी वाकले आणि वास आला. रॉकेलचा.

खरं सांगायचं तर आधी बरंच वाटलं. मिरजेच्या आमच्या घरात मोरीच्या कोपऱ्यात रॉकेलचा डबा असायचा, त्यावर पत्र्याचं नरसाळं उपडं घातलेलं. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं निळं रॉकेल, स्टोव्हला मारलेला पंप, भस्सकन उठलेली पिवळी ज्योत आणि ‘पिन कुठं ठेवलीस गं’ म्हणून आईचा आरडाओरडा. दोन-तीन सेकंद मी तिथेच होते. मग ध्यानात आलं की मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात, माझ्या घरात, रॉकेलचा थेंबही नसतो.

असते ती तेलाची टाकी. कॅलिफोर्निया-टेक्सासवाल्यांना हे सांगितलं तर खोटं वाटतं, पण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात अजून लाखो घरं तेल जाळून ऊब घेतात. मेन राज्यात तर निम्म्याहून जास्त. इथे आधी कोळसा होता, मग तेल आलं आणि ज्या रस्त्यांवर गॅसची पाइपलाइन पोचली नाही तिथे तेच राहिलं. आमचं घर १९५६ सालचं आणि आमच्या रस्त्यावर गॅस नाही. त्यामुळे बेसमेंटच्या कोपऱ्यात, बॉयलरपासून चार पावलांवर, दोनशे पंच्याहत्तर गॅलनची, म्हणजे हजार लिटरहून थोडी मोठी, लोखंडी टाकी चार पायांवर उभी. पाच फूट लांब, पावणेचार फूट उंच, काळपट. बसलेल्या रेड्यासारखी. दहा वर्षांत मी तिच्याकडे इतकंच बघितलं होतं की तिच्यावर काही ठेवता येईल का.

टॉर्च मारला. पोटाखाली, अगदी मधोमध, एक लालसर थेंब लोंबत होता. बघता बघता पडला. खाली काँक्रीटवर ताटाएवढा डाग आणि त्याच्या कडेला माझी कोलम तांदळाची वीस पौंडांची पिशवी.

मी वर ओरडले, “अप्पा!”

नवऱ्याला नाही, सासऱ्यांना. हे प्रतिक्षिप्त होतं आणि नवऱ्याला ते थोडं लागलं, पण दिवाळीपर्यंत विसरला. अप्पा एस.टी.च्या कऱ्हाड डेपोत बत्तीस वर्षं मेकॅनिक होते. मे महिन्यात आले होते, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे सहा महिने संपत होते. या घरात त्यांच्या हाताला काम असं नव्हतंच. गवत कापायचं यंत्र दोनदा खोलून झालं होतं, तिसऱ्यांदा खोलायला ते कारण शोधत होते. ते जिना उतरले, गुडघ्यावर बसले, थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, हुंगला.

“डिझेल आहे हे.”

बरोबर होतं. घरं तापवायचं तेल आणि डिझेल ही जवळजवळ एकाच घाण्यावरची. फरक करातला. गाडीत जळणाऱ्या डिझेलवर रस्त्याचा कर असतो, बॉयलरमध्ये जळणाऱ्या तेलावर नसतो. म्हणून यात लाल रंग घालतात. ट्रकच्या टाकीत लाल तेल सापडलं की दंड. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं करायचे ते याच हिशेबाने. अप्पा हे ऐकून हसले. “निळा रंग घालून आपल्याकडे कुठं काय थांबलं होतं?” म्हणाले. मग हसू मावळलं. २०११ साली मनमाडजवळ तेलातली भेसळ पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना जिवंत जाळलं होतं, ते आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा मागितला. तो थेंबाखाली ठेवला, शेजारी पाट टाकून बसले आणि मनगटावरचं घड्याळ बघू लागले. चाळीस सेकंदांना एक थेंब. तासाला नव्वद, दिवसाला दोन हजारांवर. वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर दिवसाला शंभरेक मिली, म्हणजे अर्धं फुलपात्र. “घाबरायचं कारण नाही,” ते म्हणाले. “पण हा आजचा दर आहे. भोक स्वतःहून कधी लहान होत नसतं.”

मग म्हणाले, “साबण आण. कपड्याचा. पाचशे एकचा तुकडा असला तर उत्तम.”

आता इथे मला थोडं थांबायला हवं. आमच्या घरात साबण भरपूर. हात धुवायचा, भांड्यांचा, अंगाचा, कपड्यांचा. पण सगळे पंपाचे, बाटलीतले. वडी म्हणून एकही नाही. मी दोन्ही बाथरूम पालथी घातली, पाहुण्यांच्या खोलीतले ड्रॉवर बघितले आणि शेवटी सापडली ती सासूबाईंनी कऱ्हाडहून अप्पांच्या बॅगेत घालून पाठवलेली, दिवाळीच्या अभ्यंगासाठी राखून ठेवलेली मोती साबणाची वडी. चंदनाची. अजून कागदात.

अप्पांनी क्षणभर तिच्याकडे आणि माझ्याकडे बघितलं. “तिला सांगू नकोस,” म्हणाले आणि कागद फाडला.

टाकीचं पोट त्यांनी जुन्या बनियनने हलक्या हाताने पुसलं आणि त्या गोल वडीची कड भोकावर घासायला लागले. घाई नाही, जोर नाही, एकाच दिशेने. साबणाचा थर चढत गेला. तेल आणि साबण मिळून त्याचं लुकण झालं आणि थेंब थांबला. पाण्यात विरघळणारा साबण तेलात विरघळत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. कऱ्हाडला डिझेलची टाकी पाझरायला लागली की गाडी डेपोत येईस्तोवर ड्रायव्हर असंच करायचे म्हणे. खंबाटकीच्या पायथ्याला टपरीवर साबण विकत घेऊन. सगळ्या बेसमेंटला डिझेल आणि चंदनाचा असा वास सुटला की तो आजही मला कुठेतरी सापडतो.

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाला आला. साठीचा, शांत माणूस, गुडघ्यांना चामड्याच्या ढोपऱ्या. टॉर्च घेऊन टाकीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मग आतूनच विचारलं, हे कोणी केलं? मला वाटलं आता बोलणी बसणार. मी अप्पांकडे बोट दाखवलं. तो बाहेर आला, त्याने आपल्या अवजारांच्या पेटीतून एक झिजलेली पांढरी साबणाची वडी काढून अप्पांच्या हातात दिली. दोघांनी एकमेकांच्या वड्या उलट्यापालट्या करून बघितल्या. अप्पांना इंग्रजी येत नाही आणि त्याला मराठी. पुढचा अर्धा तास मला दुभाष्याचं काम फारसं करावंच लागलं नाही.

त्याने एका लांब काठीच्या टोकाला तपकिरी मलम फासलं आणि काठी टाकीत तळापर्यंत सोडली. वर काढली तेव्हा मलमाचा खालचा इंचभर भाग लालभडक झाला होता. ते मलम तेलात तसंच राहतं, पाणी लागलं की रंग बदलतं. म्हणजे आमच्या टाकीच्या तळाशी इंचभर पाणी होतं.

पाणी कुठून आलं? कोणी घातलं नव्हतं. टाकी कधी भरलेली, कधी अर्धी. रिकाम्या भागात हवा, हवेत दमटपणा. थंडीत पत्रा गार पडतो आणि आतल्या बाजूने घाम धरतो, ताकाच्या गार तांब्यासारखा, फक्त उलट्या अंगाने. ते थेंब ओघळून तळाशी जातात, कारण पाणी तेलापेक्षा जड. तिथून त्यांना वाट नाही. पाणी आणि तेल जिथे भेटतात तिथे जिवाणू वाढतात, गाळ साठतो, आम्ल तयार होतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग मात्र शाबूत. टाकीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर साल होतं १९८४. चाळीस वर्षं ती अशी आतून घाम गाळत होती आणि आम्ही तिच्याशेजारी आकाशकंदील ठेवत होतो.

खुणा होत्या म्हणा. मागच्या हिवाळ्यात फिल्टर तीनदा तुंबला होता. बॉयलर मधूनच बंद पडायचा आणि नवरा रात्री उठून त्यावरचं लाल बटण दाबायचा, लागला नाही तर परत दाबायचा. बॉयलरवाल्याने हे ऐकलं आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. ते बटण एकदा दाबायचं. नाही पेटला तर फोन करायचा. दर वेळी दाबलं की आत तेल फवारलं जातं, साठत जातं आणि शेवटी पेटतं तेव्हा सगळं एकदम पेटतं. नवरा भिंतीकडे बघत होता. मी हे इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण हे बटण दाबणारे नवरे आमच्या ओळखीत किमान चार आहेत.

अप्पांचा प्रस्ताव सरळ होता. भोकाच्या कडा कानशीने साफ करायच्या, वर एम-सील बसवायचं, काम संपलं. नाहीतर टाकी रिकामी करून पाण्याने भरायची म्हणजे आत वाफ राहत नाही आणि वेल्डिंगचा टाका मारायचा. डेपोत शंभरदा केलं आहे. मी भाषांतर केलं. बॉयलरवाल्याने मान हलवली, नकारार्थी पण आदराने. त्याने अप्पांचा हात धरून टाकीच्या पोटाखाली नेला आणि भोकापासून वीतभर अंतरावर त्यांचं बोट दाबायला लावलं. अप्पांचा चेहरा बदलला. पत्रा दबत होता. कानस लावली असती तर एका भोकाची चार झाली असती. त्याने स्वतः एक चुंबकाचं ठिगळ आणलं होतं, खाली रबर असलेलं. ते साबणावर चपकन बसवलं आणि सांगितलं, हे काही दिवसांसाठी आहे, हिवाळ्यासाठी नाही. टाकीत त्या वेळी दोनशे गॅलन तेल होतं. सप्टेंबरात भाव बरा म्हणून आम्ही हुशारीने भरून घेतलं होतं.

गळालेलं तेल काँक्रीटवरच राहिलं म्हणून आमचं निभावलं. ते फटीतून जमिनीत गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मॅसॅच्युसेट्समध्ये दहा गॅलन किंवा त्याहून जास्त तेल जमिनीत किंवा पाण्यात गेलं तर दोन तासांच्या आत राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावं लागतं. मग परवानाधारक तज्ज्ञ येतो, फरशी फुटते, माती खणली जाते आणि ती माती नेऊन टाकायचा खर्चही घरमालकाचा. नेहमीच्या घरविम्यात हे सहसा धरलेलं नसतं. राज्याने २००८ साली कायदा केला की विमा कंपन्यांनी तेलगळतीसाठी वेगळं संरक्षण देऊ करावं आणि घरमालकाने टाकीपासून बॉयलरपर्यंतच्या तांब्याच्या नळीला सुरक्षा झडप किंवा बाहेरून आवरण बसवावं, कारण फरशीखाली पुरलेली उघडी नळी गळली तर ती कोणाला दिसत नाही. आमची झडप होती. विम्यातलं ते कलम मात्र आम्ही घेतलेलं नव्हतं. कधी विचारलं होतं का, आठवत नाही. न्यू जर्सीतली माझी मैत्रीण घर घेत होती तेव्हा तिने अंगणात धातू शोधायचं यंत्र फिरवून घेतलं होतं, तिकडे जुन्या घरांच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या सापडतात म्हणून. मी तिला हसले होते.

मग बॉयलरवाल्याने पेटी मिटता मिटता तो प्रश्न विचारला. नवी टाकी कुठली घ्यायची ते त्यावर ठरणार होतं, बाकी काही नाही. साधी एका पत्र्याची घेतली तर स्वस्त. दुहेरी घेतली, म्हणजे आत प्लॅस्टिकची आणि बाहेरून पत्र्याची, तर महाग. पण आतली गंजत नाही, फुटलीच तर तेल बाहेरच्यात राहतं आणि हमी तीस वर्षांची. तर, तो म्हणाला, या घरात अजून किती वर्षं राहायचा विचार आहे?

मी भाषांतर करायला अप्पांकडे वळले आणि वाक्य अर्ध्यात अडकलं.

या प्रश्नाला आमचं एक उत्तर आहे. ‘दोन-तीन वर्षं, मग बघू.’ हे उत्तर आम्ही एकोणीस वर्षं देतोय. मुलगी बालवाडीत होती तेव्हा दिलं, ग्रीन कार्ड आलं तेव्हा दिलं, हे घर घेतलं तेव्हा तर गृहप्रवेशाच्या जेवणात सगळ्यांसमोर दिलं. अप्पांनी त्या उत्तरावर विसंबून कऱ्हाडच्या घरावर वरची खोली बांधली आहे. तिला संडास-बाथरूम जोडून घेतलंय, कारण सुनेला रात्री खाली उतरायला नको. दर फोनवर सासूबाई सांगतात की त्या खोलीच्या खिडक्या आज उघडून ठेवल्या होत्या.

“काय म्हणतोय तो?” अप्पांनी विचारलं.

नवऱ्याने सांगितलं. सगळं सांगितलं, दोन्ही टाक्यांचे भाव, हमी, सगळं. दुहेरी टाकी, जुनी काढून नेणं, परवाना धरून चार हजार डॉलरच्या आसपास. साधी घेतली तर हजारभर कमी.

“दोन वर्षांसाठी चार हजार डॉलर?” अप्पा म्हणाले. ते खरोखर हिशेब करत होते. टोमणा नव्हता, तोच तर त्रास.

आम्ही दोघांनी वेळ मागून घेतला. त्या रात्री चकल्या तळताना आम्ही हीट पंपावर बोललो. म्हणजे उलटा चालणारा एसीच. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून घरात आणतो. राज्यातल्या योजनेतून अनुदान मिळतं, तेल-टाकीची कटकट कायमची जाते. पण आमच्याकडे भिंतीच्या कडेने गरम पाण्याच्या नळ्या आहेत, सगळी व्यवस्थाच बदलावी लागली असती. शिवाय इथे वीज युनिटला तीस सेंटच्या घरात. अप्पांनी मनातल्या मनात गुणाकार केला. “युनिटला पंचवीस रुपये?” आणि चकलीचा सोऱ्या खाली ठेवला. विषय तिथेच राहिला. पण अडचण ना पाण्याच्या नळ्यांची होती ना विजेची. हीट पंप घ्यायचा तर पंधरा-वीस वर्षांचा विचार करावा लागतो, टाकी घ्यायची तर तीस. आमच्याकडे दोन वर्षांहून लांबचा विचार करायची सवयच नव्हती. सगळ्या वस्तू आम्ही अशाच घेतल्या आहेत, चालतंय तोवर. पडदे अजून आधीच्या मालकाचे आहेत.

सकाळी अप्पा चहा घेताना म्हणाले, “दुहेरी घ्या.”

मी काही बोलले नाही.

“पत्रा बघितला मी. असल्या टाकीवर परत साधी बसवू नका. तुम्ही नाही राहिलात तर जो कोणी राहील त्याला होईल.” चहा संपवला आणि गवत कापायचं यंत्र तिसऱ्यांदा खोलायला गॅरेजमध्ये गेले.

परवाना अग्निशमन दलाकडून काढावा लागतो. तो मिळेपर्यंत दिवाळी आली, झालीही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दोन माणसं आली. आधी वरचं स्वच्छ तेल गाळून पिंपांत घेतलं. खालचं काळं पाणी आणि गाळ वेगळ्या पिंपात. रिकामी टाकी जिन्याखालच्या वळणावर अडकत होती, आधीच्या कोणीतरी तिथे नंतर भिंत घातलेली. म्हणून ती जागेवरच करवतीने दोन तुकडे केली. अप्पा अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, कानात कापूस घालून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून होते. पहिला अर्धा भाग आडवा पडला तसे उठले. आत डोकावले. मीही डोकावले. वरचा पत्रा चक्क चकचकीत. जसजसं खाली जावं तसतसा तपकिरी, मग खवल्यांचा, आणि तळाशी देवीच्या व्रणांसारखे खड्डे. काही खड्ड्यांतून टॉर्चचा उजेड पलीकडे जात होता. मोजले तर सात. आम्हाला सापडलं होतं त्यातलं एक. बाकीच्या सहांना गाळानेच आतून लिंपून धरलं होतं.

“गाळ काढला असता तर कालच गेलं असतं सगळं,” अप्पा म्हणाले. त्यांनी तळातला एक बोटभर तुकडा, साबण अजून चिकटलेला, मागून घेतला. तो त्यांनी कागदात गुंडाळून बॅगेत ठेवला. विमानतळावर काय सांगणार होते कोण जाणे.

नवी टाकी आखूड, उंच, राखाडी. ती दरवाजाची चौकट काढून आत आली. संध्याकाळी तेलाचा ट्रक आला. भरताना टाकीला शिट्टी असते; तेल आत येतं तशी हवा बाहेर जाते आणि नळीतली शिट्टी वाजत राहते. शिट्टी थांबली की टाकी भरत आली, ट्रकवाल्याने हात आवरायचा. कुकरच्या बरोबर उलटं. शिट्टी वाजलीच नाही तर तेल सोडायचंच नाही, कारण कधीकधी घरवाले टाकी काढतात आणि बाहेरचं तोंड तसंच ठेवतात. मग पत्ता चुकलेला ट्रक त्या तोंडात नळी लावून शेकडो गॅलन तेल सरळ बेसमेंटच्या फरशीवर सोडून जातो. असं घडलेलं आहे. अप्पा बाहेर थंडीत उभे राहून पूर्ण शिट्टी ऐकून आले.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून मार्कर मागून घेतला. डेपोत नवीन बॅटरी बसवली की तिच्यावर तारीख घालायची पद्धत. नव्या टाकीच्या अंगावर, बॉयलरवाल्याच्या छापील चिठ्ठीशेजारी, त्यांनी मराठी आकड्यांत तारीख लिहिली. खाली लिहिलं, ‘पाणी तपासणे – दरवर्षी दसरा’. त्याखाली अजून काहीतरी लिहायला हात उचलला आणि मार्करचं टोपण लावलं.

आता फेब्रुवारी आहे. बाहेर उणे चौदा. कोलम तांदूळ दुसऱ्या भिंतीकडे हलवला आहे. श्रीखंडाचा डबा मात्र मी टाकीखालून काढलेला नाही, काही कारण नसताना. अप्पांचा फोन रविवारी सकाळी येतो, त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. सासूबाई आधी बोलतात. मोती साबण कसा होता हे त्यांनी दोनदा विचारलं आहे आणि दोन्ही वेळा मी चांगला होता म्हणून सांगितलं आहे. मग अप्पा.

“खाली गेली होतीस का?”

“हो.”

“हात लावून बघितलास? नुसतं बघून कळत नाही.”

“लावला. कोरडी आहे.”

“वास?”

“नाही, अप्पा.”

“बरं. वरच्या खोलीला रंग काढतोय. पिवळा की पांढरा, विचारून ठेव त्याला.”